आतून मारलेला निळा

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी ललिताने आणून दिली. "दिवसभर माझं डोकं खाता, त्यापेक्षा हिचं खा," म्हणाली. इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार केलेल्या बाईला एवढं बोलायचा हक्क आहे, म्हणून मुकाट्याने घेतली.

आज चेतन मला मांजरी रोडच्या मागच्या मैदानावर घेऊन गेला. चेतन म्हणजे आमचे चिरंजीव. आठवडाभर आयटीत असतात आणि रविवारी रिमोटच्या गाड्या पळवतात. मला वाटलं लहान पोरांचा खेळ असेल. तर तिथे केस पिकायला लागलेले बाप्ये रिमोट धरून उभे, आणि हातभर लांबीच्या गाड्या धुळीतून अशा सुटत होत्या की कुत्रीसुद्धा वाट सोडत होती. या गाड्यांच्या वरचं कवच पारदर्शक प्लास्टिकचं असतं, त्याला हे लोक बॉडी म्हणतात. ती कोरी मिळते, रंगवायची आपण. यांनी रंगवलेल्या बॉड्या मी उलटसुलट करून बघितल्या. एकाला विचारलं, "हे रंगवलंय की सांडलंय?" चेतन म्हणाला, "मग बाबा, तुम्हीच करून दाखवा ना."

बसच्या कारखान्यात मी आयुष्यभर रंग जुळवले. चेपलेला पत्रा बदलला की नवा तुकडा जुन्या रंगात विरघळून गेला पाहिजे, ते माझं काम. पुढे मशीन आलं, तरी साहेब शेवटी मलाच हाक मारायचे, "दशरथ, बघ रे एकदा." निवृत्त झाल्यापासून माझ्या डोळ्यांना काही कामच उरलं नव्हतं. करून दाखवतो म्हटलं.

२६ जानेवारी

गॅलरीत दुकान मांडलं. छोटा कॉम्प्रेसर, एअरब्रश, मास्किंग टेप, रंगाच्या बाटल्या. ललिताच्या कोरफडीच्या कुंड्या हलवाव्या लागल्या, त्यावरून अबोला झाला आणि चहाच्या वेळी संपला.

या कामाची गंमत अशी की रंग बाहेरून मारायचा नाही, आतून मारायचा. बाहेरून मारला तर पहिल्याच कोलांटीत खरवडून जातो. आतून मारला की प्लास्टिकच त्याची ढाल. पण मग सगळा संसार उलटा होतो. भिंतीला आधी पांढरा हात देतात आणि बारीक काम मागून. इथे बारीक रेघा आधी, गडद रंग आधी, आणि अस्तराचा पांढरा सगळ्यात शेवटी. जो हात पहिला मारला तोच जगाला दिसणार, चुकला तर वरून झाकायची सोय नाही. बाहेरच्या बाजूला एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, ती सगळं झाल्यावर सोलायची. तोवर आपण काय केलंय ते आपल्यालाही धड दिसत नाही.

पहिली बॉडी चेतनची. फिल्म सोलली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि ती गाडी माझ्या हातात मधात बुडवून काढल्यासारखी दिसली. हल्ली हडपसरच्या संध्याकाळी फार सुंदर व्हायला लागल्यात. आधी माझंच लक्ष नसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर माझ्या बॉड्यांची चर्चा. सुदर्शन नावाचा एक बँकवाला आहे, तो म्हणाला, "काका, हा निळा कुठून आणता? असा कुठे बघितलाच नाही." दुसऱ्याला माझा पांढरा आवडला, म्हणे चांदण्यासारखी निळसर झाक आहे त्याला. मी साधा पांढरा मारला होता. पण लोक चांगलं म्हणतायत तर आपण कशाला नाही म्हणा. चेतन माझ्याकडे बघत होता, काहीतरी बोलायचं असल्यासारखा, मग वाकून गाडीची बॅटरी बदलायला लागला. बापाचं कौतुक ऐकून भरून आलं असेल पोराला.

पांढरा रंग मात्र हल्ली भेसळीचा येतो. बाटली उघडावी तर सायीसारखा पिवळट. निळ्याचे थेंब टाकल्याशिवाय तो पांढरा दिसतच नाही. दुकानदाराला झापला. "काका, सीलबंद बाटली आहे," म्हणतो. सीलबंद भेसळ, दुसरं काय.

येताना सोलापूर रोडचे दिवे लागले होते. प्रत्येक दिव्याभोवती सोनेरी कडं, त्याच्याबाहेर आणखी एक पुसट कडं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तर फुलांसारखे उमलत येत होते. गाडी चेतन चालवत होता, मी नुसता बघत बसलो. मला इतकं बरं वाटलं की बऱ्याच दिवसांनी गुणगुणलो. एवढं शहर असं उजळलंय आणि एकही माणूस मान वर करून बघत नाही.

१८ फेब्रुवारी

शनिवार पेठेतून मंदाकिनी दामले नावाच्या बाई आल्या. रिक्षातून उतरल्या आणि दारातच म्हणाल्या, "तुमचं हडपसर फार लांब आहे." जसं काही मीच ते उचलून लांब ठेवलंय.

त्यांचे यजमान माधवराव चेतनच्या मैदानावरचे सगळ्यात जुने गडी. दिवाळीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता खिडकीशी खुर्चीत बसून असतात. डॉक्टर म्हणतात, किती समजतंय ते सांगता येत नाही. मुलगी शैला म्हणते, काहीच समजत नाही. फोटो दाखवला तर तोंड फिरवतात, ताट पुढे केलं तर ढकलतात.

"ह्यांची पहिली स्कूटर निळी होती," बाई म्हणाल्या. "आकुर्डीच्या कारखान्यातली. लग्नानंतर आम्ही तिच्यावर सगळं पुणं पालथं घातलं. स्कूटर गेली, पण पुढे ह्या खेळण्यातल्या गाड्यांना हे तोच निळा द्यायचे, स्वतः बसून. शेवटची निळी बॉडी फार वर्षांपूर्वी फुटली ती फेकून दिली, नाहीतर तीच दाखवली असती. तुम्ही तो निळा मला करून द्या. मी तो ह्यांच्यापुढे धरणार. ओळखला, तर माणूस आत आहे. नाही ओळखला, तर मीही उगाच आशा करत बसणार नाही."

हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

त्या स्कूटरचा निळा मला माहीत आहे. आमच्या वस्तीत पहिली आली ती आमच्या हेडमास्तरांची, आणि तिला हात लावायला आम्ही पोरं रांग लावायचो. बाईंनी नमुना म्हणून स्कूटरजवळ काढलेला जुना रंगीत फोटो आणून ठेवला होता, मी बघितलासुद्धा नाही. म्हटलं, "बाई, निळ्या झेंड्याखाली वाढलेला माणूस आहे मी. निळा मला कोणी शिकवायचा नाही."

"शिकवायला वेळ कोणाला आहे," त्या म्हणाल्या. "मारून द्या."

५ मार्च

बाई बॉडी न्यायला आल्या. हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "हा जांभळा आहे."

"बाई, हा निळा आहे. हिरवट दिसू नये म्हणून जांभळ्याचे थेंब टाकलेत, एवढंच."

"मंडईत जांभळांच्या पाटीत ठेवलात तर वजन करून विकतील."

मी ललिताला बोलावलं. म्हटलं, सांग, कोणता रंग आहे हा. ती म्हणाली, "मला काय कळतंय रंगातलं." साडीला ब्लाऊजपीस जुळवण्यासाठी ज्या बाईने मला सगळा लक्ष्मी रोड उन्हातान्हात फिरवला, ती ही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला.

बाई गेल्यावर मी गॅलरीतला बल्ब बदलला. हा नवासुद्धा पिवळाच निघाला. मी कंपनीला शिव्या घालत होतो तर ललिता आतून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." पण नेहमीसारखी हसली नाही.

१२ मार्च

दुसरी बॉडी केली. निळा थेंब थेंब टाकत, थांबत, उन्हात नेऊन बघत. हेडमास्तरांची स्कूटर डोळ्यांसमोर उभी राहिली तेव्हाच हात थांबवला. बाई या वेळी रिक्षातून उतरल्याच नाहीत. बसल्या जागेवरून बघितली आणि परत केली.

"दशरथराव, हा रंग मी त्यांच्यापुढे धरला आणि त्यांनी तोंड फिरवलं, तर चूक तुमची की त्यांची, ते मला कधीच कळणार नाही. ह्याच्यावर माझं सगळं आहे. बरोबर असेल तरच मला बोलवा."

रिक्षा गेली तरी मी तिथेच उभा.

दुपारी डोळा लागला आणि स्वप्न पडलं. मी एका कोऱ्या बॉडीच्या आत बसलोय, मांडी घालून. चहूकडे स्वच्छ काच, बाहेर सगळं हडपसर, भाजीवाले, बस, विहाराची पायरी. कोणीतरी आतल्या बाजूला हळूहळू रंग मारतंय, मधासारखा, आणि एकेक करून सगळं पुसट होत चाललंय. मला भीती वाटत नव्हती. छान ऊबदार वाटत होतं. जाग आली तेव्हा भीती वाटली.

माझा निळा चुकतोय का, हे लिहायलासुद्धा हात धजत नाही.

२१ मार्च

सकाळी ललिता म्हणाली, "माझे डोळे दाखवायचेत, बरोबर चला." गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. ललिताने नाव माझं नोंदवलं होतं. एवढी वर्षं या बाईला भोळी समजत आलो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, गेली काही वर्षं तुम्ही सगळं जग चहाच्या ग्लासातून बघताय. निळा तर तुमच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. म्हणून तुम्ही तो वाढवत जाता."

घरी येऊन बाटल्या बघितल्या. प्रत्येकीवर ललिताने मोठ्या अक्षरांत रंगाचं नाव लिहिलेलं. मला वाटायचं, बाईला टापटिपीची आवड.

चेतनला फोन केला. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "बाबा, लोकांना खरंच आवडत होते ते रंग. आणि तुम्ही इतके खुश होतात, मला सांगवेना." मी फोन ठेवला. लाज वाटली. मैदानावरचे ते कौतुक करणारे चेहरे आठवले आणि कान तापले. रंग जुळवणारा दशरथ म्हणून मी जगलो, आणि मलाच रंग दिसत नव्हता. रात्री ललिताने ताटात मऊ भात वाढला आणि वरण ओतलं, आणि मग मला रडू आलं.

४ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या महिन्यात.

मीठ पांढरं आहे. भिंत पांढरी आहे. ललिताचे केस मला तांबूस वाटायचे, मेंदी लावत असेल म्हणून कधी विचारलं नाही, ते चक्क पांढरे आहेत. आणि आभाळात इतका निळा असतो हे मी विसरलोच होतो, गॅलरीत उभा राहिलो तर घाबरून आत आलो.

आता माझ्याजवळ दोन जगं आहेत. उजवा डोळा मिटला की सगळं सोनेरी, मऊ, दिव्यांना कडी. डावा मिटला की लख्ख, थंड, कडा कापून काढलेल्या. दिवसभर हाच खेळ चाललाय. ललिता म्हणाली, "एकदा हा डोळा, एकदा तो, या वयात कोणाला डोळा मारताय?" खरं सांगायचं तर ती जुनी संध्याकाळ जाणार म्हणून वाईट वाटतं. तिच्यात काहीच खरं नव्हतं, पण मी तिच्यात सुखी होतो.

१४ एप्रिल, जयंती

विहारापासून चौकापर्यंत निळे झेंडे. पहिल्यांदा उजव्या डोळ्याने बघितले आणि जागचा हललो नाही. लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून बघितला होता तो हाच. लोक जयभीम घालत होते आणि मी नुसता वर बघत उभा. ललिताने कोपर धरून पुढे नेलं.

घरी येऊन पेठेत फोन लावला. म्हटलं, "बाई, बॉडी तिसऱ्यांदा करतो. या वेळी तुमचा फोटो बघून आणि माझा नवा डोळा लावून." त्या म्हणाल्या, "करा. मी कुठे जाते आहे."

२० एप्रिल, रविवार

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती. गॉगल आणि मास्क लावून काम केलं, आणि आज बॉडी घेऊन मीच शनिवार पेठेत गेलो.

माधवराव खिडकीशी खुर्चीत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी जयभीम घातला. त्यांचा डावा हात जरासा उचलला गेला, की पंख्याने बाही हलली, सांगता येईना.

मी बाईंच्या समोरच फिल्म सोलली. त्यांनी बॉडी हातात घेतली आणि दाराशी उजेडात नेली. "हाच," म्हणाल्या. मग पदराने बॉडी उगाचच पुसली आणि जाऊन यजमानांपुढे धरली.

माधवराव बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाईंनी त्या बाजूला जाऊन पुन्हा धरली. त्यांनी डाव्या हाताने ती ढकलून दिली. बॉडी फरशीवर पडून माझ्या पायाशी आली.

"झालं," बाई म्हणाल्या आणि कॉटवर बसल्या. "दशरथराव, रंग अगदी बरोबर आहे. तुमचा काही दोष नाही. शैला म्हणते तेच खरं. आता ह्यांना काही कळत नाही. बसा, चहा टाकते." आणि उठल्याच नाहीत.

मी माधवरावांच्या तोंडाकडे बघितलं. माणूस रागावलेला होता. डाव्या हाताची मूठ वळलेली, नजर खिडकीबाहेर रोखलेली. काही कळत नसलेल्या माणसाला असा राग येत नाही. मी बॉडी उचलली आणि सवयीने उजवा डोळा मिटून बघितली.

निळा गेला. माझ्या हातात शेवाळलेल्या डबक्याच्या रंगाची गाडी होती.

"बाई," मी विचारलं, "ह्यांचे डोळे?"

"म्हणजे?"

"मोतीबिंदू. काढलाय?"

"माझे दोन्ही झाले मागेच. ह्यांची तारीख दिवाळीनंतरची होती, त्याआधीच हे आलं. आता ह्या सगळ्यात डोळ्यांचं काय घेऊन बसलात."

मी पिशवीतून किरकोळ दुरुस्तीसाठी आणलेल्या बाटल्या काढल्या, ब्रश काढला, कोऱ्या प्लास्टिकचा कातरलेला एक तुकडा काढला. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला आणि एका हाताने रंग मिसळायला बसलो. निळा, त्यात जांभळा, आणखी जांभळा. शहाण्या डोळ्याने बघितलं असतं तर थांबलो असतो, म्हणून त्याला बघूच दिलं नाही. जुन्या डोळ्यासमोर हळूहळू धुक्यातून यावी तशी ती स्कूटर आली, ऊन पडलेली, नवीकोरी. तेव्हा तुकड्याला आतून हात मारला, उलटा केला आणि माधवरावांपुढे धरला.

त्यांनी मान वळवली. बघितलं. डावा हात पुढे आला आणि त्यांनी तो तुकडा धरला, त्याच्याबरोबर माझा अंगठाही. सोडेनात. चेहऱ्याची जी बाजू हलते ती थरथरायला लागली आणि घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता, पण चुकीचाही नव्हता.

बाई धावत आल्या. तुकडा बघून म्हणाल्या, "अहो, पण हा तर जांभळा आहे."

"तुमच्या डोळ्यांना, बाई. ह्यांना हा निळा दिसतो. मगाचचा ह्यांना निळा दिसतच नव्हता. तुम्ही भलताच रंग दाखवून हाच म्हणालात, म्हणून चिडले. माझा जुना डोळा अजून आहे, मला दोन्ही दिसतात. ह्यांनी ओळखलाय. माणूस आत आहे."

बाई स्टूल ओढून यजमानांसमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

"अहो," त्या म्हणाल्या. "म्हणजे दिवाळीपासून तुम्ही सगळं ऐकताय?"

माधवरावांनी डोळे मिटले आणि उघडले.

"शैलाशी फोनवर मी तुमच्याबद्दल जे जे बोलले, तेही?"

ओठाचा एक कोपरा वर गेला.

"आणि दुधीभोपळा आवडत नाही म्हणून ताट ढकलत होतात होय? मी मेली डॉक्टरांना विचारत फिरले, ह्यांची भूक का गेली." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी यजमानांचा हात धरला होता आणि ओला जांभळा रंग दोघांच्या बोटांना लागला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर कागदावर लिहून मी टेबलावर ठेवला. चहाचं राहूनच गेलं. चपला घालून जिना उतरलो तरी वरून बाईंचा आवाज येत होता. दिवाळीपासूनचं सगळं त्या यजमानांना सांगत होत्या, आणि मधे मधे थांबत होत्या, त्यांच्या उत्तराला जागा ठेवून.